निगेटिव्ह आलेलं झाड

कोकोच्या पानातून डीएनए काढायला घेतला की पहिली झटापट चिकाशी होते. कोको हे भेंडी, कापूस, जास्वंद यांच्याच कुळातलं झाड. भेंडी चिरताना सुरीला जी तार सुटते ती ज्याने पाहिली आहे, त्याला कोकोचं पान कुटल्यावर नळीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. द्रव नायट्रोजनमध्ये पानाची पूड करायची, त्यावर सीटॅबचं गरम द्रावण ओतायचं, साठ-पासष्ट अंशांवर ठेवायचं. आणि बाहेर काढून बघावं तर आत बुळबुळीत गोळा. पिपेटच्या टोकात शिरत नाही, शिरला तर सुटत नाही. शिवाय पानात पॉलिफिनॉल भरपूर. पूड जरा वितळू दिली की डीएनए तपकिरी पडतो आणि पुढे पीसीआर चालूच देत नाही. म्हणून पीव्हीपी घालायचं, क्लोरोफॉर्मने पुन्हा पुन्हा धुवायचं, आणि शेवटी नळीच्या तळाशी बसलेली गोळी पांढरी आहे की पिवळट, यावर त्या दिवसाचा मूड ठरायचा.

मी मूळची केळीवाली. राहुरीला शिकताना केळीच्या स्ट्रीक विषाणूवर काम केलं, रावेर-यावलच्या बागांमधून पानं गोळा केली. केळीचा तो विषाणू आणि कोकोच्या फांद्या सुजवणारा विषाणू एकाच वंशातले, दोघेही बॅडनाव्हायरस. एवढ्या एका धाग्यावर पुढे एका युरोपीय विद्यापीठाच्या प्रकल्पात माझी वर्णी लागली आणि मी घानाला जाऊ-येऊ लागले. घरी सांगताना पंचाईत व्हायची. ‘चॉकलेटच्या झाडाचा रोग’ म्हटल्यावर आत्याने विचारलं होतं, “म्हणजे चॉकलेट खाल्लं तर होतो?” नाही होत. या विषाणूला माणसात काडीचाही रस नाही. माणसांनी मात्र त्याच्यापायी बरंच काही भोगलं आहे.

घानातल्या कोकोच्या गावांत या रोगाचं नाव काढलं की म्हातारी माणसं आधी झाडाबद्दल बोलत नाहीत, तोडणाऱ्यांबद्दल बोलतात. 1936 साली पूर्व घानात कोफोरिदुआजवळच्या एफिदुआसे भागात ही सूज पहिल्यांदा नोंदवली गेली. तेव्हा तो देश ‘गोल्ड कोस्ट’ होता, इंग्रजांच्या ताब्यात, आणि जगात सर्वांत जास्त कोको तिथून बाहेर जात होता. 1940 मध्ये पॉझनेट या शास्त्रज्ञाने कलम करून दाखवून दिलं की रोगी झाडाची काडी निरोगी झाडावर बांधली की रोग उतरतो, म्हणजे हे काम विषाणूचं. औषध नव्हतं, आजही नाही. उपाय एकच, झाड तोडणं. 1946 च्या सुमारास सरकारने सक्तीची तोडणी हाती घेतली. सरकारी टोळ्या यायच्या, खुणा करायच्या आणि फळांनी लगडलेली झाडंसुद्धा आडवी करायच्या. त्यात बाधित झाडाच्या शेजारची, दिसायला धडधाकट झाडंही जायची.

लोक संतापले. फेब्रुवारी 1948 मध्ये अक्रात दंगली झाल्या. ठिणगी पडली ती वेगळ्या कारणाने. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आलेले माजी सैनिक आपलं गाऱ्हाणं घेऊन मोर्चाने निघाले होते आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. पण चौकशीला नेमलेल्या वॉटसन आयोगाने असंतोषाच्या कारणांत कोकोची तोडणीही नोंदवली. नऊ वर्षांनी देश स्वतंत्र झाला. घानाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात एका वनस्पती-विषाणूला जागा आहे, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत नुसती कणाची लांबी-रुंदी दिलेली असायची. तोडणी मात्र नंतरही कायमची थांबली नाही. तेव्हापासून आजवर वीस कोटींहून अधिक झाडं तोडली गेली. झाडांच्या कुठल्याही रोगासाठी एवढी लांबलेली मोहीम जगात दुसरी सापडणं कठीण. आणि एवढं करून रोग काही गेलेला नाही.

आता थोडं रोगाविषयी. विषाणू पसरवतो पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यांना आणि डाळिंबवाल्यांना याची ओळख करून द्यायला नको. पांढऱ्या पिठात लोळल्यासारखा दिसणारा, रस शोषणारा तोच किडा. कोकोवर त्याच्या डझनभराहून अधिक जाती हा विषाणू वाहून नेतात. किड्याला स्वतःला लांब जाता येत नाही. त्याची पिल्लं एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवरून चालत शेजारच्या झाडावर जातात, क्वचित वाऱ्यावर उडून दूर पडतात. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याला जपतात, त्याच्यावर मातीकाड्यांचं छप्पर घालतात. म्हणून फवारणीचा उपयोग होत नाही. औषध छपराच्या आत पोचतच नाही. रोग एका झाडाभोवती गोल पसरत जातो आणि मधूनच कुठेतरी उडी मारून नवा गोल सुरू करतो.

लक्षणं पकडायला डोळा लागतो. नव्या पालवीत शिरांच्या दोन्ही कडांनी लालसर पट्टे उमटतात. पान जून झालं की ते मावळतात आणि त्या जागी फिकट पिवळी नक्षी राहते, कधी तीही नाही. फांदीवर, बुंध्याशी फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर आणि मुळांवर सूज येते. काही प्रकारांत सूज येतच नाही. एरवी लांबट, खरबरीत असणारं फळ आखूड, गोलसर आणि गुळगुळीत होतं. उग्र प्रकार असला तर दोन-चार वर्षांत झाड वाळतं. सगळ्यांत कठीण भाग असा की लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत कित्येक महिने, कधी दोन वर्षंही जातात. तेवढा काळ झाड हिरवंगार असतं आणि पिठ्या ढेकूण त्याच्यावर निवांत चरत असतो.

पश्चिमेकडच्या सेफ्वी भागात आम्ही नमुने घ्यायला जायचो. घानाचा कोको शतकभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेला. जुन्या बागा रोगाने आणि वयाने गेल्या, शेतकरी नवं जंगल शोधत निघाले, आणि रोगही त्यांच्या मागोमाग नव्या मुलखात दिसू लागला. तिथल्या एका बागेचा राखणदार मला चांगला आठवतो. वयस्क गृहस्थ, आमचा तंत्रज्ञ त्यांना ‘ओपानिन’ म्हणायचा, वडीलधाऱ्याला तिथे तसंच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि आपसांत बोलताना ‘ओब्रोनी’, म्हणजे परदेशी. गोऱ्यांसाठीचा तो शब्द माझ्यासारख्या सावळ्या बाईलाही सरसकट लागू होता.

मी पंच घेऊन पानं निवडत होते. जून, मोठी, हाताला येतील ती. पानाच्या गोल चकत्या पाडायच्या, सिलिका जेलच्या पुडीत टाकायच्या, वर झाडाचा क्रमांक आणि जीपीएसचे आकडे लिहायचे. ओपानिन थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी कोयत्याच्या टोकाने एक धुमारा खाली ओढला, त्याच्या शेंड्यावरचं तांबूस, लिबलिबीत कोवळं पान खुडलं आणि उन्हासमोर धरलं. शिरांच्या कडेला लाल रेघा लख्ख दिसत होत्या, अगदी लेखणीने ओढल्यासारख्या.

“हे घ्या,” ते म्हणाले. “आठवड्याने आलात तर या दिसणार नाहीत. मग तुमचे साहेब म्हणतील झाड बरं आहे.”

मग त्यांनी बुंध्याजवळची माती उकरून बोटाएवढं मूळ काढून दाखवलं. मधे फुगवटा, दोन्हीकडे बारीक. “वरून काही दिसत नसलं तरी इथे कळतं. पण मुळं उकरून बघायला कोण बसतंय?”

त्या बागेतल्या, आणि नंतर इतर बागांतल्याही, लक्षणं स्पष्ट असलेल्या काही झाडांचे नमुने प्रयोगशाळेत निगेटिव्ह आले. आणि ज्यांच्यावर एकही खूण नव्हती त्यातले काही पॉझिटिव्ह. दुसऱ्या प्रकाराचं नवल नव्हतं, ती सुप्त लागण. पहिल्या प्रकाराने मात्र आमची झोप उडवली. डीएनए चांगला होता. कोकोचा स्वतःचा जनुक त्याच नळीतून व्यवस्थित वाढून येत होता. पान ओपानिननी हाताने खुडून दिलेलं. मग विषाणू गेला कुठे?

इथे पीसीआरची एक मेख सांगायला हवी. विषाणूचा तुकडा वाढवायचा तर त्याच्या जीनोममधल्या ठरावीक वीसेक अक्षरांना जाऊन चिकटणारा छोटा तुकडा, प्रायमर, आपण आधीच तयार करून टाकतो. म्हणजे काय शोधायचं ते आपण आधीच ठरवलेलं असतं. ती अक्षरं थोडी बदललेली असली की प्रायमर चिकटत नाही, जेलवर पट्टी उमटत नाही आणि आपण वहीत उणे चिन्ह मारतो. ते चिन्ह झाडाबद्दल काहीच सांगत नसतं. आपल्याला माहीत असलेला विषाणू तिथे सापडला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आणि हा विषाणू बदलण्यात वस्ताद आहे. त्याचा जीनोम सुमारे सात हजार अक्षरांचा, दुपेडी डीएनएचा, गोल. पण स्वतःची नक्कल करताना तो आधी आरएनए बनवतो आणि मग त्यावरून उलट दिशेने पुन्हा डीएनए. हे उलटं लिहिणारं जे विकर आहे, त्याला चूक तपासून खोडण्याची सोय नाही. शिवाय एकाच झाडात दोन प्रकार भेटले तर ते आपसांत तुकडे बदलतात. 1993 मध्ये पहिल्यांदा एका विषाणूचा पूर्ण जीनोम वाचला गेला, तो टोगोमधल्या आगू इथला होता, 7161 अक्षरांचा. बरीच वर्षं ‘कोकोचा विषाणू’ म्हणजे तो, असं धरून प्रायमर बनत राहिले. पुढे घाना, टोगो, आयव्हरी कोस्टच्या नमुन्यांचे ए, बी, सी असे गट पडले. 2003 नंतर आयव्हरी कोस्टमध्ये रोगाने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा तिथले नमुने या तीन गटांत बसेनात; डी आणि ई काढावे लागले. नंतर आणखी. बॅडनाव्हायरसांसाठी नियम असा आहे की उलट-लेखन करणाऱ्या जनुकाच्या ठरलेल्या भागात 20 टक्क्यांहून जास्त फरक असला की प्रजाती वेगळी. त्या हिशेबाने आज पश्चिम आफ्रिकेत एकाच रोगामागे दहाएक प्रजाती उभ्या आहेत. सुजलेली फांदी एक, ती सुजवणारे अनेक.

80 टक्के साम्याची ही रेघ माणसांनी आपल्या सोयीसाठी ओढलेली आहे, हे मात्र खरं. 79 टक्के साम्य असलेला विषाणू पलीकडे आणि 81 टक्केवाला अलीकडे, याने ढेकणाला काही फरक पडत नाही. एका परिषदेत दोन गटांत या नामकरणावरून जो खडाजंगी वाद झाला तो ऐकताना मला आमच्या भावकीतल्या बांधाच्या भांडणांची आठवण झाली. पण प्रायमर कुठे ठेवायचा हे ठरवायला अशा वर्गवारीचा उपयोग होतो, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही शेवटी एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या प्रायमरच्या जोड्या चालवू लागलो. कुठलीही एक जोडी सगळ्यांना पकडत नाही, हे इतर प्रयोगशाळांच्या कामातूनही एव्हाना पुढे आलं होतं. तरीही जे हुलकावणी देत, त्यांच्यासाठी प्रायमरची भानगडच नको म्हणून नळीतला सगळा गोल डीएनए वाढवून सरसकट वाचून काढायचा मार्ग घेतला. त्याला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि हाती येणाऱ्या अक्षरांच्या ढिगात बहुतेक सगळं कोकोचंच असतं. पण सेफ्वीच्या त्या निगेटिव्ह नमुन्यांतून विषाणू निघाला. आमच्या जुन्या प्रायमरच्या जागेवर त्याची अक्षरं पुरती बदललेली होती.

टाफोच्या कोको संशोधन संस्थेत या विषाणूंचं एक जिवंत संग्रहालय आहे. ही संस्था 1938 साली संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तेव्हापासून वेगवेगळ्या गावांहून आणलेले विषाणू तिथे कोकोच्या झाडांतच जपून ठेवले आहेत. हा विषाणू बाटलीत वाढत नाही. त्याला जिवंत कोको लागतो. झाड म्हातारं झालं की काडी घेऊन नव्या रोपावर उतरवायचा. पाट्यांवर गावांची नावं. न्यू जुआबेनचा उग्र प्रकार ‘1ए’ही त्यांत आहे. त्या ओळींतून फिरताना कुठलं झाड खुरटलेलं, कुठलं वाळत आलेलं, आणि मधेच एखादं पालवीने भरलेलं, की याला काय झालं आहे असा प्रश्न पडावा. त्यात सौम्य प्रकार राहतात. सौम्य प्रकार आधीच टोचून झाडाला उग्र प्रकारापासून वाचवता येईल का, याचे प्रयोग तिथे बरेच झाले. काही अंशी वाचतं, पुरतं वाचत नाही.

गट आणि गावं नकाशावर मांडली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. रोग जर एका जागी सुरू होऊन सगळीकडे पसरला असता, तर विषाणूंचा वंशवृक्षही एका बुंध्यातून फुटल्यासारखा दिसला असता. तसा तो दिसत नाही. लांबलांबच्या भागांत इतके वेगळे विषाणू आहेत की ते ऐंशी-नव्वद वर्षांत एकापासून झाले असणं शक्य नाही. कोको मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. घानात त्याची लागवड रुजवण्याचं श्रेय तेते क्वार्शी या लोहाराला दिलं जातं. 1870 च्या दशकात तो फर्नांडो पो बेटावरून कोको घेऊन आला. पण त्या कोकोबरोबर हा रोग आला नाही. तो आधीपासून तिथल्या रानात होता. 1950 च्या सुमारासच संशोधकांनी कोला क्लॅमिडँथा या जंगली झाडात तो दाखवून दिला होता. पांढरी सावर आणि गोरखचिंच यांनाही तो लागतो. सगळी कोकोच्याच विस्तारित कुळातली. या झाडांचं आणि विषाणूचं बहुधा हजारो वर्षांचं सहजीवन असावं, कुणी फारसं आजारी न पडता. मग रान तोडून त्यांच्या मधोमध माणसांनी कोको लावला, तोही बव्हंशी ‘अमेलोनाडो’ या एकसारख्या, नाजूक वाणाचा. ढेकूण रानातल्या झाडावरून उतरून कोकोवर आला. एकदाच नव्हे, ठिकठिकाणी, पुन्हा पुन्हा.

तेव्हा ‘रोग कुठून पसरला’ या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. रानातून कोकोवर उडी, ही एक वाट. कोकोवरून कोकोवर, ही दुसरी, आणि तिच्यात माणसाचा हात जास्त. कलमाच्या काडीतून तर तो हमखास जातो. आम्ही जेव्हा एकाच विषाणूचे जवळजवळ तंतोतंत सारखे नमुने दूरच्या दोन गावांत पाहायचो, तेव्हा मधल्या अंतराचा विचार ढेकणाच्या पायांनी करून भागत नसे. कोण कुठून स्थलांतर करून आलं, कुणाची सासुरवाडी कुठली, रोपं कुणी कुणाला दिली, हे विचारावं लागे. पॉली हिल या इंग्रज संशोधिकेने 1960 च्या दशकात घानातल्या स्थलांतरित कोको शेतकऱ्यांवर पुस्तक लिहिलं आहे. मी ते वाचलं ते विषाणूच्या कामासाठी. वंशवृक्ष काढणाऱ्या सॉफ्टवेअरला जे कळत नाही त्यातलं बरंच त्यात सापडतं.

ओपानिनची बाग त्यांची नव्हतीच. मालक कुमासीला राहायचा. बाग ‘अबुनू’वर होती, म्हणजे अर्धेलीने. रान तोडून लागवड यांनी करायची, झाडं लागती झाली की अर्धा वाटा. अशा करारांत कसणाऱ्याचा हक्क पुष्कळदा झाडांच्या आधाराने उभा असतो. झाडं उभी आहेत तोवर माणूस तिथे आहे. झाडं गेली की जमीन मालकाकडे परत जाण्याचा धोका. मग रोगी झाड तोडायला तो सहजी कसा तयार होईल? आधीच्या एका फेरीत शेजारच्या बागेची तोडणी झाली होती आणि ठरलेले पैसे कसणाऱ्याच्या हाती वेळेवर पडलेच नव्हते, ही हकिगत ओपानिननी मला एकदा नव्हे, दरवेळी सांगितली. 2020 नंतर सरकारने मोठं कर्ज काढून पुनर्लागवडीचा जो कार्यक्रम घेतला, त्यात मालक आणि कसणारा दोघांनाही मोबदला द्यायचं ठरलं. तोडून द्यायचं, आधी सावलीसाठी केळी लावायची, मग संकरित कोको. त्या आधीच्या पाहणीत देशात तीन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र बाधित निघालं होतं, सेफ्वीचा पट्टा त्यात सगळ्यांत पुढे. आणि दुसरीकडे सोनं काढणारे बेकायदा खाणवाले रोख पैसे घेऊन दारात उभे. वाळत चाललेली बाग त्यांना दिली की एकरकमी पैसे मिळतात. जमीन मात्र कायमची खड्ड्यात.

घानात येईपर्यंत शेजारची निरोगी दिसणारी झाडं तोडण्याचा प्रकार मला अडाणीपणाचा वाटायचा. चाचणी करा, पॉझिटिव्ह तेवढी तोडा, असं माझं साधं गणित. आता तसं वाटत नाही. तोडणारी टोळी निदान एवढं तरी मान्य करते की दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणता येत नाही. माझ्या जेलवरच्या उणे चिन्हाला तेवढी अक्कल नव्हती. हे सगळं ओपानिनना सांगायला मात्र माझी जीभ रेटली नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आणि तितकंच रास्त होतं: तोडायचं तर तोडा, पण आधी पैसे ठेवा आणि मी इथेच राहणार हे कागदावर लिहून द्या. यावर आमच्या प्रकल्पाच्या अहवालात एक परिच्छेद जावा म्हणून मी बरीच खटपट केली. तो ‘सामाजिक बाबी’ या मथळ्याखाली, परिशिष्टात गेला.

पुनर्लागवडीत आता बागेभोवती दहा मीटरांचा पट्टा तेलताड, लिंबूवर्गीय किंवा कॉफीचा ठेवा, असं सांगतात. ही झाडं विषाणूला जुमानत नाहीत आणि ढेकणाची वाट अडते. साधा, स्वस्त आणि टाफोच्या प्रयोगांत चालून दाखवलेला उपाय. अडचण एवढीच की दोन-तीन एकरवाल्याने दहा मीटर चारी बाजूंनी सोडले तर मधे कोकोला उरतं काय?

निगेटिव्ह आलेल्या रोगी झाडांच्या उलट दिशेचा घोळ केळीने मला आधीच शिकवला होता. केळीच्या काही वाणांच्या गुणसूत्रांतच स्ट्रीक विषाणूचे तुकडे जुन्या काळापासून जाऊन बसलेले असतात. पीसीआर केला तर निरोगी झाडही पॉझिटिव्ह. 2021 मध्ये कोकोच्या काही वाणांतही बॅडनाव्हायरसचे असेच तुकडे जीनोममध्ये रुजलेले सापडले. म्हणजे विषाणू असून निगेटिव्ह आणि विषाणू नसून पॉझिटिव्ह, दोन्हीची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. ज्यांना एका देशातून दुसऱ्या देशात कोकोचे वाण न्यायचे असतात त्यांना हे फार जपून हाताळावं लागतं. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ आंतरराष्ट्रीय कोको विलगीकरण केंद्र आहे. कोको न पिकणाऱ्या थंड देशात, काचगृहात. रोग निसटलाच तर बाहेर त्याला धरायला झाडच नाही. तिथे प्रत्येक वाणाच्या काड्या नाजूक अमेलोनाडोच्या रोपांवर बांधतात आणि दोन वर्षं पालवीकडे बघत बसतात. जीनोम वाचण्याच्या या युगात शेवटचा शब्द अजून लाल रेघांचाच आहे. ओपानिनना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि तिथे बघायला माणूस हवा असेल तर आपला मुलगा मोकळा आहे म्हणाले.

भारतात हा पश्चिम आफ्रिकेचा रोग नाही. आपला कोको केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत, सुपारी-नारळाच्या सावलीत; कोकणात थोडाफार. पण पिठ्या ढेकूण आपल्याकडे मुबलक, सावरही आहे, आणि श्रीलंकेत कोकोवर एक वेगळा बॅडनाव्हायरस नोंदवला गेला आहे. त्रिनिदादमधले दोन सौम्य विषाणू 1940 च्या दशकापासून माहीत होते. त्यांचे जीनोम 2017 मध्ये वाचले गेले, आणि चाचणी हातात आल्यावर त्यातला एक पोर्तो रिको, फ्लोरिडा, ब्राझील अशा ठिकाणीही निघाला. तो तिथे कधीपासून होता कोण जाणे. कुणी शोधला नव्हता म्हणून नव्हता.

सावंतवाडीकडे माझ्या मावसभावाची सुपारीची बाग आहे. मधल्या जागेत कोको लावावा असं त्याच्या मनात आलं आणि मी घानाला जाते हे त्याला पक्कं ठाऊक. फोन आला.

“ताई, येताना तिकडच्या चांगल्या झाडाच्या चार काड्या आण ना. ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत टाक. कोण बघतंय?”

मी नाही म्हटलं. कायद्याने बंदी आहे, हे सांगितलं. विलगीकरणाची दोन वर्षं सांगितली.

“मग तुझ्या लॅबमध्ये तपासून आण. निगेटिव्ह आली की झालं.”

मी त्याला विट्टलच्या केंद्राचा पत्ता दिला. तिथे कोकोची चांगली कलमं मिळतात आणि ती आपल्याकडच्या हवेत जोखलेली असतात. पावसाआधी नोंदवून ठेव म्हटलं. तो गेलाही विट्टलला, दोन दिवस राहून सगळं बघून आला. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलला, भाव काढले, माकडं कोकोची फळं फोडून खातात हे त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्याने जायफळ लावलं.